कड्यावरची बोडकी ओळ

कडा चढताना ओटिली दोनदा थांबायची, पण थांबलेली दिसू नये म्हणून वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं करायची. नाडी काही सुटलेली नसायची. पण खाली मोझेल नदी, नदीपलीकडे गाव, आणि गावातलं प्रत्येक स्वयंपाकघर या कड्याकडे तोंड करून बसलेलं. कुणाची छाटणी झाली, कुणाची रखडली, कोण दुपारीच पाठ धरून खाली उतरलं, हे सगळं गाव कॉफी ढवळता ढवळता बघत असतं. आणि त्या गावात, चर्चशेजारच्या घराच्या वरच्या खिडकीत, तिचा नवरा दुर्बीण घेऊन बसलेला असायचा.

गेरविन त्याचं नाव. तीन वर्षांमागे याच कड्यावरच्या, माती अडवणाऱ्या एका दगडी भिंतीवरून तो खाली आला आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. सांधा नवा बसवला, पण चढण संपली ती संपलीच. दोन काठ्यांवर बेकरीपर्यंत जायचं, पाव घेऊन परत यायचं, एवढाच काय तो प्रवास. तेव्हापासून वरचं सगळं ओटिलीकडे आणि तळघरातलं सगळं त्याच्याकडे. खिडकीतून हुकूम सोडणंही त्याच्याकडेच, ते काही त्याला कुणी दिलं नव्हतं.

सपाटीवरच्या द्राक्षबागा त्यांनी कधीच गेरविनच्या चुलतभावाला, कुनोला, देऊन टाकल्या होत्या. उरला होता तो हा एकच तुकडा. हाबिश्टलाय म्हणतात त्याला, म्हणजे ससाण्याचा कडा. पाटीच्या काळ्या दगडाचा चुरा, पाय ठेवला की पाय आपला राहत नाही. उतार असा की यंत्र चढत नाही, शेळीसुद्धा दोनदा विचार करेल. प्रत्येक वेलीला तिचा स्वतःचा खुंटा, आणि प्रत्येक खुंट्यापाशी माणसानं स्वतः जायचं, वाकायचं, उठायचं. पावसानं चुरा खाली वाहून गेला की तो टोपलीत भरून पुन्हा वर न्यायचा. बरं, एवढं करून होते ती एका लाकडी पिंपाइतकी वाइन. गेरविन म्हणायचा, या वाइनला दगडाची चव आहे, सपाटीवर ती सात जन्मांत येणार नाही. ओटिलीला तिच्यात आपल्या गुडघ्यांचीच चव लागायची, पण हे ती बोलायची नाही.

न बोललेलं तसं बरंच साठलं होतं. ती थकली होती. एका दिवसाची झोप काढून जाईल असला तो थकवा नव्हता. सकाळी उठताना बिछान्याच्या कडेला बसून ती आधी पायांची समजूत घालायची, मग उभी राहायची. ‘सोडू या आता’, एवढे तीन शब्द तिला म्हणायचे होते. कितीतरी वेळा ते जिभेपर्यंत आले आणि बटाट्याच्या सूपाबरोबर परत गिळले गेले. कारण कडा सोडणं म्हणजे नुसतं घरी बसणं नव्हे. न राखलेल्या बागेत रोग माजतो, शेजारच्यांना लागतो, म्हणून सोडायची तर वेली मुळासकट उपटाव्या लागतात, त्याही सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. मग तिथे काटेरी झुडपं वाढतात. कड्यावर असे दोन डाग आधीच पडले होते, आणि मालक मरून गेले तरी गाव त्या डागांना त्यांच्याच नावानं हाक मारत होतं.

आणि दुसरं म्हणजे गेरविन. गुडघ्यावर हात ठेवून दिवसभर खिडकीत बसणारा माणूस. कडा गेला तर त्यानं बघायचं काय? नदीतली मालवाहू जहाजं? तीन शब्दांनी त्याचा जीव जाईल असं तिला वाटायचं. म्हणून ती चढत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

फेब्रुवारीतली ती सकाळ ओली आणि बोचरी होती. धुकं नदीवरून उठून कड्याच्या कमरेपर्यंत आलं आणि तिथेच विरून गेलं. ओटिलीनं तिसऱ्या ओळीतल्या दहा-बारा वेली उरकल्या असतील नसतील, तोच जाकिटाच्या खिशातला फोन वाजला.

“तिसऱ्या ओळीत काडी लांब ठेवलीस,” गेरविन म्हणाला. राम राम नाही, काही नाही.

“कुठल्या वेलीची?”

“वरून चौथी. एक डोळा जास्त आहे.”

“एवढ्या लांबून तुला काडीवरचा कोंबाचा डोळा दिसतो?”

“दुर्बीण कशाला घेतली मग? काप तो.”

ती वर गेली, चौथी वेल बघितली. होता मेला, एक डोळा जास्त होता. तिनं तो कापला आणि खिडकीच्या दिशेनं कात्री उंच करून दाखवली, की बाबा झालं तुझं समाधान. मग पाठ सरळ केली, पोट आत घेतलं आणि तरण्या बाईसारखी तरातरा खाली आली. पुढच्या वेलीपाशी पोचेपर्यंत डाव्या गुडघ्यात कळ गेली ती थेट कानापर्यंत. पण खिडकीतून कळ थोडीच दिसते.

दोन तुकडे सोडून पलीकडे कुनो छाटत होता. साठीचा गडी, जिभेला हाड नाही.

“म्हातारा सुरू झाला का उंटावरून शेळ्या हाकायला?” त्यानं ओरडून विचारलं.

“हाकू दे. शेळी तरी आता एकच उरलीय.”

“पण तुला मानलं हं, ओटिली. पोरीसारखी चढतेस. परवाच मी गेरविनला सांगितलं, तुझी बायको कड्यावर जशी ताठ चालते तसा मी माझ्या लग्नातसुद्धा चाललो नव्हतो.”

“तुझ्या लग्नात तू चाललाच कुठे होतास? उचलून नेला होता तुला चौघांनी.”

कुनो हसत हसत आपल्या ओळीत वळला. जेवणवेळेला तो खाली निघून गेला आणि कड्यावर ती एकटी राहिली. खरं तर तिथल्या भिंतीच्या आडोशाला बसून पाव खाता आला असता. पण त्या खिडकीसमोर ती तीन वर्षांत एकदाही बसली नव्हती. उभ्यानंच पाव खाल्ला, वर थर्मासमधली कॉफी घेतली आणि पाचव्या ओळीला लागली.

छाटणीचं काम डोक्यानं करायचं नसतं, नाहीतर माणूस वेडा होईल. हातांनाच ते ठाऊक असतं. वेलीकडे बघायचं, दोन चांगल्या काड्या राखायच्या, बाकीच्या उडवायच्या. पुढे एखाद्या दमट दिवशी त्या दोन काड्या दोन्ही बाजूंनी वाकवून खुंट्याला बांधल्या की वेलीचा पत्त्यातला बदाम होतो. त्या वर्षाची सगळी द्राक्षं त्या दोन काड्यांवर. त्या कापल्या तर वेल मरत नाही, पण वर्ष मरतं.

ओटिलीचं मन कुठेतरी भलतीकडेच होतं. लक्झेंबर्गला नोकरी करणाऱ्या मुलीचा, आनेग्रेटचा, आदल्या दिवशी फोन आला होता. तिच्याकडे नवीन घरात लिफ्ट होती. ओटिली त्या लिफ्टचा विचार करत होती. बटण दाबायचं आणि नुसतं उभं राहायचं, घर आपोआप आपल्याकडे येतं. बटण, कात्री, बटण, कात्री. मग घाम पुसायला ती उभी राहिली आणि सहज मागे बघितलं.

मागच्या आठ वेली बोडक्या होत्या. एकीलाही काडी नव्हती. नुसते खुंटे, आणि खुंट्यांना टेकलेली ती काळी वाकडी खोडं. असली चूक पहिल्या वर्षाचं नवखं पोरही करत नाही. या कड्यावर तिच्या हातून कधी एक वेल अशी गेली नव्हती, आणि आज ओळीनं आठ.

कापलेली काडी परत चिकटवता येत नाही. आधी लाज वाटली. मग डोळ्यांसमोर ती खिडकी आली. मग तिला जाणवलं की लाजेच्या खाली आणखी काहीतरी आहे, आणि ते हलकं आहे. या आठ वेलींपाशी आता मार्चमध्ये बांधायला यायचं नाही. जूनमध्ये कोंब खुडायला यायचं नाही. ऑक्टोबरात पाठीवर टोपली घेऊन यायचं नाही. ती नवव्या वेलीपाशी गेली. दोन चांगल्या काड्या तिला स्पष्ट दिसल्या, सरळ, तांबूस, पेन्सिलीएवढ्या जाड. तिनं दोन्ही कापल्या.

फोन वाजला.

‘दिसलं त्याला,’ ती मनाशी म्हणाली. फोन खिशात थरथरत राहिला आणि ती दहाव्या वेलीपाशी गेली. चुकीला माफी मागता आली असती, पण नवव्या वेलीचं काय सांगणार? फोन थांबला, पुन्हा वाजला. पुन्हा थांबला, पुन्हा वाजला. दर वेळी तिचा राग वाढत गेला. बघ म्हणावं. चांगली दुर्बीण लावून बघ. तुझ्या आजानं बांधलेल्या भिंती, तुझी दगडाची चव, आणि माझे गुडघे. नदीपलीकडे शेगडीजवळ बसून डोळे मोजतोस ना, मोज आता. दात ओठ खात ती पूर्ण ओळ खालपर्यंत बोडकी करून आली. शेवटच्या वेलीपाशी आली तेव्हा फोन वाजायचा बंद झाला होता, आणि तो बंद झाल्यावर मात्र तिनं कात्री खिशात टाकली. आता तो बोलणारच नाही, तिला वाटलं. गेरविन ओरडला तर बरा, गप्प बसला तर आठवडा आठवडा गप्प बसतो.

भिंतीच्या पायऱ्या उतरून ती पुलावर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. चुकून झालं म्हणावं, की खरं सांगावं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पुलाच्या मध्यापर्यंत आली आणि समोर बघून थबकली.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला, कठड्याला टेकून गेरविन उभा होता. अंगात कोट नाही, घरातला लोकरीचा बंडी-सदरा. पायात सपाता, त्याही ओल्या. दोन्ही काठ्या एकाच हातात धरलेल्या आणि दुसऱ्या हातानं कठडा घट्ट पकडलेला. बेकरीच्या पुढे न जाणारा माणूस इथवर आला होता. इतका राग, ओटिलीला वाटलं. घरी येईपर्यंतसुद्धा धीर धरवला नाही, पुलावरच गाठून बोलायचं आहे याला. तिनं मान ताठ केली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर नाकाला लागला असता, एवढी जवळ.

त्यानं तिच्याकडे बघितलं. सरळ तोंडाकडे बघितलं.

“कुनो?” तो म्हणाला.

तिला काही उमगेना.

“अरे कुनो, बोल ना. ओटिली फोन उचलत नाहीये. जेवणवेळेपासून करतोय. तू वरूनच आलास ना? दिसली का ती? पडली का ती, कुनो?”

“मी आहे,” ओटिली म्हणाली.

कठड्यावरचा हात सुटला आणि हवेत चाचपडत तिच्या बाहीला लागला. बाहीवरून खांद्यावर गेला, खांद्यावरून तिच्या लोकरीच्या टोपीवर. ती तशीच खांबासारखी उभी राहिली.

“पडली होतीस?”

“नाही.”

“लागलंय कुठे?”

“नाही रे बाबा. गेरविन, मी तुला दिसत नाही?”

एक मोटार हॉर्न वाजवत बाजूनं गेली. मग तो हळूच म्हणाला, “काहीतरी उभं आहे एवढं दिसतं. कडेकडेनं थोडं दिसतं. मधोमध बघावं तर काही नाही.”

“कधीपासून?”

“मागच्या हिवाळ्याच्याही आधीपासून. डॉक्टरकडे गेलो होतो बसनं, तू वर होतीस तेव्हा. म्हातारपणाचं आहे म्हणाला, आता परतायचं नाही.”

“आणि दुर्बीण?”

“दुर्बिणीत तर काळं कुत्रंसुद्धा दिसत नाही.”

ओटिलीला हसावं की त्याला पुलावरून ढकलून द्यावं तेच कळेना. “आणि तिसरी ओळ? वरून चौथी, एक डोळा जास्त?”

“तू काडी नेहमीच लांब ठेवतेस. लग्न झाल्यापासून ठेवतेस. काल दुसरी ओळ संपली, म्हणून आज तिसरी म्हटलं. वेल कुठलीही सांगितली असती तरी बरोबर निघालं असतं.”

“मग फोन कशाला करायचास रोज? माझं डोकं खायला?”

“उचललास की कळायचं, पडली नाहीस.” त्यानं तिची बाही मुठीत धरून ठेवली होती. “मी पडलो तेव्हा मागच्या ओळीतल्या माणसालाही कळलं नव्हतं, ओटिली. हाका मारून मारून घसा बसला होता माझा. तू वर एकटी असतेस. नुसतं ‘बरी आहेस ना’ विचारत बसलो असतो तर चार दिवसांत तू फोन उचलायचं बंद केलं असतंस. भांडायला मात्र तू हमखास उचलतेस.”

ओटिलीनं टोपी कानांवर खाली ओढली. थंडीनं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

“दोन हिवाळे,” ती म्हणाली, “दोन हिवाळे मी त्या खिडकीसाठी पोट आत घेऊन चालले. गुडघा फुटला तरी लंगडले नाही. बसून पाव खाल्ला नाही. तू बघतोयस म्हणून. आणि तिथे कुणी बघतच नव्हतं?”

“गुडघा? कुठला गुडघा?”

“दोन्ही.”

“कुनो तर म्हणायचा, पोरीसारखी चढते. दर रविवारी येऊन सांगायचा. मला वाटायचं, कड्यावाचून तू जगायची नाहीस. नाहीतर मी कधीच—” पुढचं तो गिळून गेला. खालून एक जहाज गेलं, त्याच्या लाटा काठाला लागून परत आल्या.

“मी पाचवी ओळ बोडकी केली,” ती म्हणाली. “काड्यांसकट. सगळी.”

त्याची मूठ बाहीवर आवळली गेली. बाग त्याची होती, त्याच्या आजाची होती, आणि डोळे गेले म्हणून ती त्याच्या मनातून गेली नव्हती. एकेक वेल त्याला तोंडपाठ होती हे ओटिलीला माहीत होतं.

“चुकून?” त्यानं विचारलं.

“पहिल्या आठ चुकून.”

पुढचं त्यानं विचारलं नाही. तो कड्याच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला, जणू काही दिसतच होतं. तेवढ्यात कुनोचा ट्रॅक्टर पुलावर आला आणि त्यांच्याजवळ थांबला. मागच्या गाडीत कापलेल्या काड्यांचे भारे होते.

“सपाता घालून फिरायला निघालास का रे?” कुनो वरूनच ओरडला. मग त्याची नजर कड्याकडे गेली. “आणि ती तुमची पाचवी ओळ? ओटिली, काय करून ठेवलंस तिथे? सगळं गाव खिडकीत आलंय.”

ओटिलीनं तोंड उघडलं, पण गेरविन आधी बोलला. खणखणीत बोलला, पूर्वी कड्यावरून हाका मारायचा तशा आवाजात.

“मी सांगितलं तिला. माझे डोळे गेलेत, कुनो. तळघरात मी नळ चाचपडत शोधतो. मला आता झेपत नाही. उपटतोय आम्ही कडा. गावाला सांग, गेरविननं सोडला म्हणून.”

कुनोनं ट्रॅक्टर बंद केला. “कडा?” तो म्हणाला. “हाबिश्टलाय?”

“हो. तोच.”

आवाज खणखणीत होता, पण बाहीवरची मूठ काही सुटत नव्हती, आणि ते फक्त ओटिलीला कळत होतं. त्यानं तिच्यासाठी दार उघडून दिलं होतं. उद्यापासून गाव म्हणेल, बिचारा गेरविन आंधळा झाला, म्हणून ती पोरीसारखी चढणारी बाई घरी बसली. तिनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“तो खोटं बोलतोय, कुनो,” ओटिली म्हणाली. “म्हणजे डोळ्यांचं खरं आहे, बाकीचं खोटं. मी थकलेय. नांगराच्या बैलासारखी थकलेय. पुढच्या वर्षी नाही, आत्ता. आत्ता मला इथून घरापर्यंतसुद्धा चालवत नाही.”

कुनो दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. तो खाली उतरला, मागच्या गाडीची फळी खाली पाडली, भारे एका बाजूला सारले आणि आधी गेरविनला, मग ओटिलीला हात देऊन वर चढवलं. गाडी हलली तशी ती दोघं काड्यांच्या भाऱ्यांना टेकून बसली. चौकात, बेकरीसमोर, चर्चपाशी, प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी उभं होतं. ओटिलीनं पाय लांब पसरले, टोपी काढली आणि गेरविनच्या खांद्यावर डोकं टाकून डोळे मिटले.

“बघतायत का सगळे?” त्यानं विचारलं.

“बघू देत,” ती म्हणाली.